चूक किती महाग पडायची? फोटोत फोटो बसवण्याच्या कलेची पार्श्वभूमी

“वडिलांना लग्नाच्या फोटोत बसवून द्याल का?” गावातल्या फोटो स्टुडिओत किंवा डीटीपीच्या दुकानात बसलेल्या माणसाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. वडील मुलीच्या लग्नाआधीच गेलेले. घरात त्यांचा एकच बरा फोटो, तोही कुणाच्या तरी बारशात काढलेला. माझ्याकडे असं काम पहिल्यांदा आलं तेव्हा मी फोटोशॉपच्या पेन टूलने, म्हणजे कडेवरून रेघ ओढून कापायच्या अवजाराने, कडा नीट कापल्या, रंग जुळवला, उंची जुळवली. तरी ते मंडपात उभे आहेत असं काही वाटेना. दोन दिवसांनी लक्षात आलं, की मंडपातला उजेड उजवीकडून येतोय आणि वडिलांच्या चेहऱ्यावर तो डावीकडून पडलाय. मग वडिलांचा फोटो आडवा उलटवला. उजेड जुळला, मलाही बरं वाटलं. मुलगी आली, स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “हे बाबा नाहीत.” उलटवल्यामुळे भांग दुसऱ्या बाजूला गेला होता आणि शर्टाचा खिसा उजवीकडे आला होता.

त्या कामानंतर मी या कलेचा इतिहास वाचायला लागलो. उजेड न जुळणं, कड दिसणं, माणूस हवेत तरंगल्यासारखा वाटणं, याच चुका माणसं पावणेदोनशे वर्षं करत आली आहेत. माझी चूक दोन क्लिकमध्ये मिटली, त्यांची मात्र फार महाग पडायची. फोटो जोडायला माणूस कसा शिकला हे समजून घ्यायचं, तर कोणत्या काळात एका चुकीला काय मोजावं लागायचं हे बघावं लागतं.

सुरुवात हौसेपोटी नाही, अडचणीपोटी झाली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, फोटो काढून, लगेच धुवायची. चित्र विलक्षण स्पष्ट यायचं. पण या रसायनाला निळा उजेड पटकन दिसायचा आणि हिरवा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. झाडं आणि जमीन नीट यावी इतका वेळ दिला, की आभाळ पांढरंफटक. ढग असून नसल्यासारखे. १८५२ मध्ये इपोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने उपाय सुचवला, की ढग वेगळ्या निगेटिव्हवर घ्या आणि छापताना जमिनीच्या फोटोला जोडा.

हे सगळ्यात सुंदर जमलं ते ग्युस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराला. १८५६-५७ च्या सुमारास त्याने समुद्राचे जे फोटो केले, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आभाळ दुसऱ्याचं आहे. त्याने सांधा ठेवला क्षितिजावर, जिथे डोळ्याला रेष अपेक्षितच असते तिथे. आजही कुणी नवशिका मला विचारतो की कट कुठून मारू, तेव्हा मी त्याला ल ग्रेचा समुद्र दाखवतो. त्याची दोन-तीन चित्रं शेजारी ठेवून पाहिली, तर एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवर सापडतं. चांगलं आभाळ एकदा हाती लागलं, की ते जपून पुन्हा वापरायचं, ही सवयही तेव्हापासूनची.

पण आभाळ चिकटवणं आणि माणसं चिकटवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसांच्या बाबतीत पहिलं मोठं धाडस केलं ऑस्कर गुस्ताव रेलँडर याने. जन्माने स्वीडिश, मूळचा चित्रकार, इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनला राहणारा. १८५३ मध्ये लंडनला जाऊन तो निकोलास हेनमन यांच्याकडे एका दुपारच्या काही तासांत फोटोग्राफी शिकून आला. त्या घाईबद्दल त्याने पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलंय: पायाभूत गोष्टींना महिनाभर दिला असता, तर वर्षभराचा त्रास आणि खर्च वाचला असता. हे वाचताना मला तो फार जवळचा वाटला. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली दोन वर्षं अशीच गेलेली असतात.

१८५७ मध्ये त्याने ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र मँचेस्टरच्या मोठ्या कलाप्रदर्शनात मांडलं. मधोमध एक वडीलधारा माणूस, त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण. एक सदाचाराकडे निघालेला, दुसरा भोगाकडे. तीसहून अधिक निगेटिव्ह, सुमारे सहा आठवड्यांचं काम, रुंदी अडीच फुटांच्या आसपास. एवढ्या रुंदीसाठी त्याला दोन कागद जोडावे लागले.

हे काम कसं चालायचं ते जरा जवळून बघायला हवं. तेव्हा निगेटिव्ह मोठी करून छापायची सोय हाताशी नव्हती. कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवायचा. म्हणजे निगेटिव्हवर माणूस जेवढा, चित्रात तेवढाच. मागच्या रांगेतला माणूस लहान दिसायला हवा असेल, तर फोटो काढतानाच त्याला हिशोबाने लांब उभं करायचं. नंतर ट्रान्सफॉर्म करू, म्हणजे संगणकावर लहान-मोठं करू, ही मुभाच नाही. छापताना एका माणसापुरती जागा उघडी ठेवून बाकीचा कागद काळ्या मखमलीने झाकायचा, उन्हात धरायचा, मग पुढची निगेटिव्ह त्याच्या शेजारी अंदाजाने बसवायची. दोन तुकडे जरा एकमेकांवर चढले, की सांध्यावर काळी रेघ, कारण तिथे ऊन दोनदा लागलं. जरा अंतर राहिलं, की पांढरी रेघ, कारण तिथे ऊन लागलंच नाही. अठ्ठावीस माणसं बिनचूक बसली आणि एकोणतिसावं सरकलं, तर सगळा कागद वाया. मध्येच ढग आला, तर त्या माणसाचा रंग शेजारच्यापेक्षा फिका.

राणी व्हिक्टोरियाने या चित्राची एक प्रत प्रिन्स अल्बर्टसाठी घेतली. तरीही त्यातल्या नग्न आकृत्यांवरून आणि मुळात असा फोटो ‘खरा’ आहे का यावरून रेलँडरला इतकं ऐकून घ्यावं लागलं, की दोनच वर्षांत त्याने आपल्या मित्राला, हेन्री पीच रॉबिन्सनला, लिहिलं की या जोडकामाचा आपल्याला वीट आलाय.

रॉबिन्सनने काम सोडलं नाही, पद्धत बदलली. त्याच्या १८५८ च्या ‘फेडिंग अवे’ मध्ये फक्त पाच निगेटिव्ह आहेत: क्षयाने मरणाला टेकलेली मुलगी, तिच्याजवळच्या दोघी, आणि खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा पुरुष. लोकांना ते इतकं खरं वाटलं, की असं दुःख टिपलंच कसं म्हणून काही जण चिडले. जोडलेलं आहे कळल्यावर ही तर फसवणूक म्हणून काही चिडले. रॉबिन्सन आधी पेन्सिलने सगळं चित्र रेखाटायचा आणि मग एकेक भाग फोटोने भरायचा. १८६० च्या सुमाराचं त्याचं एक रेखाटन आजही जपलेलं आहे. त्यात खडूने काढलेल्या दृश्याच्या मधोमध एका मुलीचा कापलेला फोटो डकवलाय. उरलेली जागा अजून मोकळीच. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातली ही सगळ्यात उपयोगाची वस्तू आहे. महागड्या चुका उन्हात होण्याआधी स्वस्तात, कागदावर करून घ्यायच्या, हे त्यात डोळ्यांना दिसतं. १८६९ मध्ये त्याने आपलं शिकणं पुस्तकरूपाने मांडलं आणि ते पुस्तक पुढची कितीतरी वर्षं फोटोग्राफर वापरत राहिले.

त्याच दशकात अमेरिकेत विल्यम ममलर मृतांचे ‘आत्मे’ फोटोत आणून दाखवू लागला. त्याच्याच सांगण्यानुसार सुरुवात अपघाताने झाली: स्वतःचा फोटो धुताना त्याला शेजारी एक धूसर आकृती दिसली. आधी वापरलेली काच नीट साफ झाली नाही, की असंच होतं. यादवी युद्धात घरटी माणसं गेलेली, आणि गेलेल्याला शेवटचं एकदा शेजारी बघायची ओढ जबरदस्त. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि तो सुटला. मंडपातल्या वडिलांचा फोटो मागणारी मुलगी आणि ममलरकडे जाणारी विधवा यांचं दुःख एकाच जातीचं आहे. ममलरचा गुन्हा जोडण्यात नव्हता. जोडलंय हे त्याने सांगितलं नाही, हा होता.

आपल्याकडे ही लपवाछपवी फारशी नव्हतीच. राजस्थानात नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या दर्शनाची चित्रं रंगवणारे कलाकार यात्रेकरूंचे चेहरे फोटोतून कापून चित्रात चिकटवत. अंग, कपडे, देऊळ सगळं रंगवलेलं, चेहरा फोटोचा. सांधा दिसला तरी कुणाची तक्रार नव्हती, कारण आपण देवासमोर उभे आहोत हे बघणं महत्त्वाचं.

आणि मग दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याला कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, छपाईचा धंदा, जादूचे प्रयोग. ‘प्रोफेसर केळफा’ हे जादूगाराचं नाव त्यांनी आपलं आडनाव उलटं करून घेतलं होतं. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी चित्रपट केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्च करत कोंब फुटून वेल होईपर्यंत चित्रण केलं. थांबवलेला कॅमेरा काळ कसा जोडतो, हे त्या वेलावर ते शिकले. दादरच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या, रसायनं कालवायच्या. फिल्म धुवून झाल्याशिवाय जमलंय की फसलंय हे कळायचं नाही, आणि पैसे उसने आणलेले. पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) मधले चमत्कार बघायला प्रेक्षकांनी गर्दी केली. त्या चमत्कारांची शाळा म्हणजे ही वाटाण्याची कुंडी.

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योख आणि जॉन हार्टफिल्ड या कलाकारांनी सांधा लपवायचाच नाही असं ठरवलं, मासिकांतले फोटो कात्रीने कापून राजकारणावर वार केले. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. बेमालूम जोड शिकणाऱ्याने मात्र जेरी युल्समनकडे वळावं. फ्लोरिडा विद्यापीठात शिकवणारा हा माणूस डार्करूममध्ये सहा-सात एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं, ओळीने मांडायचा. प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद एकाखालून काढून दुसऱ्याखाली न्यायचा, आणि हातांनी किंवा पुठ्ठ्याने उजेड अडवत कड विरघळवायचा. झाडाची मुळं घराच्या भिंतीत, घर पाण्यावर. वर्षाकाठी शंभराच्या आसपास चित्रं करायची आणि शेवटी त्यांतली दहाएक पसंत पडायची, असा त्याचा हिशोब होता. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं. चित्र शटर दाबताना नाही, डार्करूममध्ये शोधताना सापडतं, हे तो आयुष्यभर मांडत राहिला. त्याच्याकडे चुकीची किंमत एक कागद आणि एक तास.

१९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल याने संगणकावर चित्र दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये होता. त्याला त्यात मोठं काहीतरी दिसलं. फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. पहिल्या आवृत्त्यांत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, नव्हते, ही गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटत नाही. चिकटवलेला तुकडा सोडला, की तो चित्रात कायमचा मिसळला. लेयर १९९४ मध्ये आले. त्याहून मोठा बदल मला १९९८ चा वाटतो: तोवर फक्त शेवटची एक कृती मागे घेता यायची, त्या वर्षी हिस्टरी आली आणि पावलामागून पाऊल मागे जाता येऊ लागलं. रेलँडरच्या सहा आठवड्यांची किंमत शून्यावर आली.

महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत ही कला पोचली ती लग्नाच्या अल्बममधून आणि फ्लेक्समधून. साहेबांचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, आणि रात्री बारापर्यंत फाइल प्रिंटला द्यायची. अनेक दुकानांत फोटोशॉप सेव्हन वर्षानुवर्षं चाललं. ती पोरं कुठल्याही कॉलेजात शिकली नव्हती. केसांची कड कापताना फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, किती द्यायचा, हे त्यांना रोज चाळीस डोकी कापून कळलं. त्यांची कारागिरी कुणी नीट नोंदवून ठेवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता तर २०२३ पासून फोटोशॉपमध्येच शब्द लिहून हवा तो भाग तयार करून घेता येतो. चूक फुकट झाली, पण ती ओळखणारा डोळा फुकट मिळत नाही. सावली जुळते का, क्षितिज एका उंचीवर आहे का, फोटोचा दाणा सारखा आहे का, हे अजून माणसालाच बघावं लागतं. भांग कुठल्या बाजूला होता, हे तर घरच्यांनाच माहीत असतं.

त्या मुलीचं काम मी शेवटी रॉबिन्सनसारखं, आधी कागदावर रेखाटून केलं. वडिलांचा फोटो उलटा केलेला पुन्हा सुलटा केला. लग्नाचे चारशेच्या वर फोटो चाळले आणि डावीकडून उजेड येणारा एक शोधून काढला. वरमाला झाल्यानंतरचा, सगळे हसत असलेला. वडिलांना मागच्या रांगेत, मामाच्या खांद्यामागे उभं केलं, म्हणजे पाय दाखवायची गरजच उरली नाही. मामाच्या खांद्याची बारीक सावली त्यांच्या शर्टावर टाकली, खिशाच्या जरा खाली. तिने फोटो बराच वेळ बघितला आणि दोन प्रती मागितल्या, एक सासरी लावायला आणि एक आईसाठी.