ठेवणाऱ्यालाच न कळणारी ठेव

माझ्या जुन्या लॅपटॉपवर दहा जीबीचं एक फोल्डर आहे. जागा माझी, विजेचं बिल माझं, आणि आत काय आहे ते मला ठाऊक नाही. एकदा उत्सुकता म्हणून त्यातली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. पडदाभर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेची नसलेली अक्षरं. तिथे कुणाच्या लग्नाचे फोटो असतील, एखाद्या सरकारला नकोसा झालेला अहवाल असेल, नाहीतर कुणा हौशी माणसाने जमवलेले जुने कॉम्प्युटर गेम. बहुधा या सगळ्यांचे तुकडे असतील आणि अख्खं एकही नसेल.

हे फोल्डर हायफानेट नावाच्या जाळ्याचं आहे. लोकांच्या आपापल्या कॉम्प्युटरवर मजकूर तुकड्यातुकड्यांनी, कुणाचा ते कळू न देता साठवणारं हे जाळं. २०२३ पर्यंत त्याचं नाव फ्रीनेट होतं. त्या वर्षी ‘फ्रीनेट’ हे नाव त्याच मंडळींच्या दुसऱ्याच एका नव्या प्रकल्पाला दिलं गेलं आणि जुन्याचं बारसं पुन्हा झालं. नेटवर या दोघांची सर्रास गल्लत होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. इथे आपण बोलतोय ते जुन्याबद्दल.

गोष्ट सुरू होते हेलसिंकीत. १९९३ साली योहान हेल्सिंगियस या गृहस्थाने एक सोय सुरू केली. त्याच्या सर्व्हरला ई-मेल पाठवायचा, तो तुमचं नाव-पत्ता काढून टाकायचा, त्याजागी एक क्रमांक लावायचा आणि मेल पुढे धाडायचा. उत्तरही त्याच क्रमांकावरून परत तुमच्यापर्यंत यायचं. लाखो लोकांनी ती वापरली. पण उत्तर परत यायचं म्हणजे कुठला क्रमांक कुणाचा याची यादी कुठेतरी हवीच, आणि ती यादी हेल्सिंगियसच्या एका कॉम्प्युटरवर होती. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या तक्रारीवरून फिनलंडचे पोलिस आले आणि त्याला एका वापरकर्त्याचा खरा पत्ता द्यावा लागला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने दुकानच बंद केलं. माणूस प्रामाणिक होता, घोळ यादीचा होता. ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडून वही मागता येते.

१९९६ मध्येच केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी ‘इटर्निटी सर्व्हिस’ नावाचा एक आराखडा मांडला. त्यांचं म्हणणं असं, की इंटरनेट बांधताना एक रस्ता तुटला तर निरोप दुसऱ्या रस्त्याने जाईल अशी काळजी घेतली गेली, मग साठवणीच्या बाबतीत तसं का नको? मजकुराच्या प्रती अनेक देशांतल्या अनेक यंत्रांवर पसरवायच्या आणि कुठली प्रत कुठे आहे हे कुणालाच कळू द्यायचं नाही. एकदा ठेवलेलं कुणालाही काढता येऊ नये. अगदी ज्याने ठेवलं त्यालासुद्धा. ऐकायला ही अट अतिरेकी वाटते, पण तिच्यामागे साधा हिशेब आहे. लेखकाला मजकूर काढता येत असेल, तर लेखकाच्या डोक्याला पिस्तूल लावलं की काम झालं. काढणं त्याच्या हातातच नसेल, तर पिस्तुलाचा उपयोग काय?

तीन वर्षांनी एडिनबरा विद्यापीठात इयन क्लार्क नावाच्या आयरिश विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रकल्पात असं जाळं प्रत्यक्षात कसं बांधता येईल ते लिहून काढलं, आणि मार्च २००० मध्ये फ्रीनेटची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली. तो नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेचा जमाना. नॅपस्टरवर गाणी लोकांच्या आपापल्या कॉम्प्युटरवर असायची, पण कुठलं गाणं कुणाकडे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर. पुन्हा वही! २००१ मध्ये न्यायालयाच्या दणक्याने ती वही मिटली आणि नॅपस्टरही. फ्रीनेटमध्ये क्लार्कने वहीच ठेवली नाही.

वही नसताना वस्तू सापडते कशी? याचं उत्तर फ्रीनेटच्या पत्त्यात दडलेलं आहे.

समजा, आजीच्या पाककृतींच्या वहीच्या एका पानाचा तीन एमबीचा फोटो मला या जाळ्यात ठेवायचा आहे. प्रोग्रॅम त्याचे ३२ केबीचे तुकडे करतो, म्हणजे शंभराच्या आसपास. त्यात गणिताने तयार केलेले जवळपास तितकेच जादा तुकडे घालतो. उद्या निम्मे तुकडे हरवले तरी उरलेल्यांतून फोटो जसाच्या तसा उभा राहावा, यासाठी ही तजवीज.

मग प्रत्येक तुकड्याचा हॅश काढला जातो. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठा. मी कॉम्प्युटरवर करून पाहिलं. पुरणपोळीच्या कृतीच्या दोन ओळींची फाइल केली, तिचा हॅश काढला, तर ६४ अक्षरांची एक ओळ आली. मग एका शब्दावरचा अनुस्वार उडवला आणि पुन्हा काढला. ओळीतलं जवळजवळ सगळंच बदललं. कृती कुणाची, किती लांबीची, काहीही या ओळीवरून कळत नाही. पण तीच कृती जगात कुणीही, कुठेही दिली तर अंगठा हाच उमटणार.

फ्रीनेट हा अंगठा दोनदा घेतं, आणि कौशल्य आहे ते तिथेच. मूळ तुकड्याचा हॅश काढून त्यापासून किल्ली बनवायची आणि त्याच किल्लीने त्या तुकड्याला कुलूप घालायचं. आता कुलूपबंद तुकड्याचा पुन्हा हॅश काढायचा. हा दुसरा हॅश झाला तुकड्याचा पत्ता. जाळ्यात फिरतो तो फक्त पत्ता आणि बंद तुकडा. किल्ली असते लिंकमध्ये, आणि लिंक असते ती देणाऱ्या-घेणाऱ्याकडे. फ्रीनेटची लिंक नीट पाहिली तर स्वल्पविरामांनी तोडलेले तीन भाग दिसतात. पहिला पत्ता, दुसरी किल्ली, तिसऱ्यात किरकोळ सूचना. माझ्या लॅपटॉपकडे जो येतो तो पहिलाच भाग. म्हणून माझं फोल्डर मलाच उघडत नाही.

आता शोधाचं बघू. जाळ्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला ० ते १ मधला एक आकडा मिळालेला असतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या पत्त्यावरूनही असाच एक आकडा निघतो. मला ०.६२ चा तुकडा हवा असेल तर मी माझ्या शेजाऱ्यांपैकी ज्याचा आकडा ०.६२ च्या सर्वांत जवळ त्याला विचारतो. त्याच्याकडे नसेल तर तो त्याच्या शेजाऱ्यांपैकी सर्वांत जवळच्याला. पुण्याच्या पेठेत एखादा जुना वाडा शोधताना असंच होतं. वाणी म्हणतो, “मला नाही माहीत, पण त्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा.” फरक एवढाच, की पेठेत चालत जावं लागतं आपल्याला. इथे वाणीच गिरणीवाल्याला विचारायला जातो आणि तुम्ही कोण हे गिरणीवाल्याला कळतच नाही. त्याला दिसतो तो फक्त वाणी.

अशा विचारपुशीने मुक्कामाला पोचता येतं, याचा अंदाज स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांमुळे साठच्या दशकातच आला होता. बॉस्टनजवळच्या एका शेअर दलालाला पाकीट पोचवायचं, पण ते आपल्या ओळखीच्याच माणसाच्या हाती द्यायचं, तो त्याच्या ओळखीच्या माणसाला देणार. २९६ जणांपासून सुरुवात झाली, ६४ पाकिटं पोचली, आणि पोचलेल्यांना मध्ये सरासरी पाचेक हात लागले. सगळ्यांच्या लक्षात राहिले ते हे पाच हात. २३२ पाकिटं वाटेत कुठे गेली हे कुणी विचारत नाही. फ्रीनेट बांधणाऱ्यांना मात्र दोन्ही बाजूंचा विचार करावा लागला, म्हणून प्रत्येक विनंतीला उड्यांची मर्यादा आहे. ती १८ पासून सुरू होते आणि दर उडीला एकाने कमी होते. इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, ज्याच्याकडून १८ आकड्याची विनंती आली तोच मूळ मागणारा! म्हणून १८ वर असताना आकडा कमी करायचा की नाही हे नाणेफेकीने ठरतं. मागणारा मीही असेन, किंवा मी नुसता वाणी असेन.

तुकडा सापडला की तो आल्या वाटेनेच परत येतो, आणि वाटेतले कॉम्प्युटर त्याची एकेक प्रत आपल्याकडे ठेवून घेऊ शकतात. त्यामुळे एखादी फाइल कुठे दडली आहे हे शोधायला कुणी ती मागून पाहिली, तर मागण्यानेच तिच्या प्रती वाढतात. सेन्सॉरला याहून मोठी चपराक कुठली?

पण याचीच दुसरी बाजू लोक विसरतात. माझं फोल्डर दहा जीबीचंच आहे. नवं आलं की जुन्यातलं काहीतरी जातं, आणि सर्वसाधारणपणे जातं ते, जे बऱ्याच दिवसांत कुणी मागितलेलं नाही. अँडरसनच्या आराखड्यात ठरावीक मुदतीचे पैसे भरून मजकूर टिकवायचा होता. क्लार्कच्या जाळ्यात टिकवते ती मागणी. म्हणजे हुकूम काढून पुसता येत नाही, पण दुर्लक्षाने पुसलं जातं. हा तोडगा हुशार आहे, पण मला तो काहीसा दुःखद वाटतो. ज्या अहवालासाठी हे सगळं उभारलं तो तीन महिन्यांनी कुणी वाचत नाही, आणि चव्हाट्यावरची कुजबुज मागणीमुळे तगून राहते. हे ग्रंथालय नव्हे, पेपरस्टॉल आहे.

आता पुन्हा माझ्या फोल्डरकडे. ‘मला ठाऊक नाही’ ही ढाल कितपत टिकते?

अर्धीच. किल्ली माझ्याकडे नाही, पण एखाद्या फाइलची लिंक कुणाच्या हाती लागली तर तिच्या सगळ्या तुकड्यांचे पत्ते त्याला कळतात. मग तो माझा शेजारी होऊन बसतो आणि माझ्याकडून काय काय मागितलं जातंय ते मोजतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. मी हजार तुकड्यांची फाइल मागतोय आणि मला दहा शेजारी आहेत. प्रत्येक शेजाऱ्याला साधारण शंभर विनंत्या दिसतील. पण मी नुसता वाणी असेन, तर मूळ मागणाऱ्याने मला दिलेल्या शंभरच विनंत्या मी दहा जणांत वाटणार, म्हणजे शेजाऱ्याला दिसतील दहाच. शंभर आणि दहा यांतला फरक लपत नाही. नाणेफेकीने एका विनंतीचा मालक झाकला जातो, हजार विनंत्यांचा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ब्रायन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. ती कशासाठी, तर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं उतरवून घेणाऱ्यांना शोधण्यासाठी. हो, हे जाळं त्यासाठीही वापरलं जातं. निनावीपणाची बाजू घेणाऱ्या लेखांत हे वाक्य शेवटी कुठेतरी कोपऱ्यात सापडतं. त्या दहा जीबीत असलं काही नसेलच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

यावर या जाळ्याने दिलेला एक उपाय म्हणजे अनोळखी शेजारी टाळणं. २००८ च्या ०.७ आवृत्तीपासून प्रोग्रॅम बसवतानाच विचारतो, अनोळखी लोकांशी जोडू की फक्त तुमच्या ओळखीच्यांशी? दुसऱ्या प्रकाराला ते डार्कनेट म्हणतात. बातम्यांत हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पिस्तुलं आणि गर्द येतं, इथे त्याचा अर्थ नुसता ‘ओळखीच्यांचं जाळं’. पण हायफानेट चालवणारे पाच मित्र आणायचे कुठून? मला एकही मिळाला नाही.

विकेंद्रित साठवणूक म्हटलं की निनावीपणा आपोआप आला, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. २०१७ मध्ये तुर्कस्तानने विकिपीडिया बंद केला तेव्हा आयपीएफएस या जाळ्यावर तुर्की विकिपीडियाची प्रत ठेवण्यात आली. तिथेही पत्ता हॅशवरूनच निघतो आणि प्रती अनेक ठिकाणी असू शकतात. पण कोण काय मागतंय आणि कुणाकडे काय आहे हे तिथे पाहणाऱ्याला दिसू शकतं. फाइली वाटून घेण्याच्या बिटटॉरंटचंही तेच. वस्तू विखुरणं वेगळं आणि माणूस लपवणं वेगळं.

कायद्यालाही इथे ठेच लागते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत आणि आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही स्वतःची माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे. आता समजा, एखाद्या मुलीचा खासगी फोटो सूडबुद्धीने कुणी या जाळ्यात टाकला. नोटीस कुणाला काढायची? क्लार्ककडे यादी नाही. माझ्याकडे दोन तुकडे असतील, तर ते आहेत हे मला माहीत नाही. लेखकाच्या डोक्याला लावलेलं पिस्तूल अँडरसनने निकामी केलं, त्याच झटक्यात या मुलीचा अर्जही निकामी झाला. त्या दोघांत फरक करणारं गणित या जाळ्यात नाही, आणि ते कसं घालता येईल हे मला तरी सुचत नाही.

गेल्या आठवड्यात लॅपटॉपची डिस्क भरत आली. जागा करायची तर सर्वांत मोठं फोल्डर तेच. मी त्यावर राइट क्लिक केलं, ‘डिलीट’ वर बाण नेला आणि थोडा वेळ थांबलो. कुणाच्या तरी फाइलचा निम्म्यातला नेमका शेवटचा तुकडा इथे असला तर? आणि जे असायला नको तेच असलं तर? दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एकाच फोल्डरात होती, आणि किल्ली दोन्हींचीही नव्हती. शेवटी फोनवरून आलेले जुने व्हिडिओ उडवले, तीन जीबी सुटले, आणि लॅपटॉप मिटला.