खडबडीत रेषेची सव्वाशे वर्षे: शेअर बाजार, भौतिकशास्त्र आणि शुद्ध गणित

निर्देशांकावरच्या ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काची, किंमत कशी ठरवावी, या प्रश्नावरचे गेल्या दहा वर्षांतले शोधनिबंध उघडले, तर त्यांत एक अनपेक्षित गोष्ट आढळते. पुंज क्षेत्र सिद्धांतात अनंत येणाऱ्या राशींना आवर घालण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञांनी शोधलेली रीनॉर्मलायझेशनची युक्ती तिथे बाजारभावांसाठी वापरलेली असते, आणि तिला आधार असतो तो मार्टिन हेअरर यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अत्यंत अमूर्त अशा सिद्धांताचा. शुद्ध गणित, गणिती भौतिकी आणि वित्तीय गणित या तीन शाखा आज इतक्या जवळ कशा आल्या, हे समजून घ्यायचे, तर एका यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने वरखाली होत जाणाऱ्या, रेषेचा इतिहास पाहावा लागतो. गणित आधी तयार झाले, मग ते भौतिकशास्त्राने घेतले आणि शेवटी बाजाराने उचलले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षातला क्रम तसा नाही.

२९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या तिशीतल्या विद्यार्थ्याने सट्ट्याच्या सिद्धांतावरचा आपला प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. परीक्षकांत खुद्द आन्री प्वांकारे होते. पॅरिसच्या शेअर बाजारात तेव्हा फ्रेंच सरकारच्या कर्जरोख्यांवर ऑप्शनचे व्यवहार सर्रास होत असत, आणि त्यांची रास्त किंमत किती असावी हा बाशेलिए यांचा प्रश्न होता. बाजारातल्या प्रत्येक व्यवहारात एक विकणारा आणि एक घेणारा असतो. तेव्हा भाव चढेल असे मानणारे आणि उतरेल असे मानणारे त्या क्षणी तुल्यबळ असले पाहिजेत, आणि म्हणून सट्टेबाजाच्या नफ्याची गणिती अपेक्षा शून्य असली पाहिजे, हे त्यांचे गृहीतक होते. तेवढ्या गृहीतकावरून त्यांनी दाखवले की भावाची संभाव्यता काळाबरोबर पसरते आणि त्या पसरण्याचे समीकरण फूरिए यांचे उष्णतेचे समीकरणच आहे. हा पसारा काळाच्या प्रमाणात नव्हे, तर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: एका दिवसात भाव साधारण एक टक्का हलत असेल, तर चार दिवसांत दोन टक्के आणि सोळा दिवसांत चार टक्के. आजही दलालांच्या कार्यालयात दैनंदिन अस्थिरतेवरून (भाव किती हलतो, याच्या मापावरून) वार्षिक अस्थिरता काढताना व्यवहाराच्या दिवसांच्या संख्येचे वर्गमूळ घेतात, ते याच नियमाने.

प्वांकारे यांनी प्रबंधाची अस्सलता मान्य केली, पण नेहमीच्या विषयांपासून तो काहीसा दूर आहे, असेही नोंदवले. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. बाशेलिए यांना कायमचे प्राध्यापकपद मिळायला १९२७ साल उजाडले, तेही बेझांसोंमध्ये. आपल्या काळाच्या इतक्या पुढे असलेल्या माणसाच्या वाट्याला एवढी उपेक्षा यावी, हे आज वाचतानाही खुपते.

पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, आइन्स्टाइन यांनी तेच समीकरण पूर्णपणे वेगळ्या वाटेने मिळवले. १८२७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले होते आणि निर्जीव धूळही तशीच हलते, हे तपासून या हालचालीचा जीवनशक्तीशी संबंध नाही, असे दाखवले होते. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी कणाला धक्के देत असतील, तर तो किती भटकेल, याचे गणित आइन्स्टाइन यांनी मांडले. तिथेही वर्गमुळाचाच नियम आला. झां पेरँ यांनी १९०८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली कणांची स्थाने टिपून हा नियम पडताळला आणि त्यावरून अॅव्होगॅड्रो संख्या काढली. अणूंच्या अस्तित्वाविषयीच्या उरल्यासुरल्या शंका त्यामुळे मिटल्या. १९२६ साली पेरँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाजारातल्या भावाचे आणि पाण्यातल्या कणाचे गणित एकच आहे, हे मात्र त्या वेळी बहुतेकांच्या लक्षातही आले नाही.

शुद्ध गणिताचा प्रवेश त्यानंतर झाला. अशी रेषा गणिताच्या दृष्टीने खरोखर अस्तित्वात आहे का, हा प्रश्न नॉर्बर्ट वीनर यांनी १९२३ मध्ये सोडवला. सर्व सलग रेषांच्या समुच्चयावर त्यांनी संभाव्यतेचे मापन उभे केले. पुढे १९३३ मध्ये पेली, वीनर आणि झिग्मुंड यांनी सिद्ध केले की ही रेषा सलग असली, तरी तिला जवळजवळ निश्चितपणे कोणत्याही बिंदूशी स्पर्शिका काढता येत नाही. म्हणजे न्यूटन आणि लायब्निझ यांचे कलनशास्त्र इथे हतबल ठरते.

या अडचणीचे स्वरूप आकड्यांतून पाहणे उपयोगी आहे. एकक काळाचे दहा हजार समान तुकडे करा. गुळगुळीत रेषा प्रत्येक तुकड्यात साधारण एक दहा हजारांश हलते. या हालचालींचे वर्ग करून बेरीज केली, तर उत्तर एक दहा हजारांशच येते आणि तुकडे बारीक करत गेल्यास ते शून्याकडे जाते. म्हणून नेहमीच्या कलनशास्त्रात वर्गाची पदे सोडून देता येतात. ब्राऊनियन रेषा, म्हणजे वीनर यांची ही यादृच्छिक रेषा, मात्र प्रत्येक तुकड्यात साधारण एक शतांश हलते, कारण दहा हजाराचे वर्गमूळ शंभर. त्यामुळे तिच्या हालचालींच्या वर्गांची बेरीज सुमारे १ येते आणि तुकडे कितीही बारीक केले तरी ती १ च्या आसपासच राहते. वर्गाचे पद सोडून देता येत नाही, ते सूत्रात ठेवावेच लागते. कियोशी इतो यांच्या सूत्राचा गाभा हाच आहे. टोकियोत सांख्यिकी कार्यालयात नोकरी करत असताना, युद्धकाळात, त्यांनी हे काम केले आणि १९४२ व १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केले.

याच वाटेवर आणखी एक तरुण होता. वोल्फगांग डोब्लिन हा नाझी राजवटीतून फ्रान्समध्ये आलेला गणितज्ञ फ्रेंच सैन्यात भरती झाला होता. फेब्रुवारी १९४० मध्ये त्याने आघाडीवरून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे एक मोहोरबंद पाकीट पाठवले. त्याच वर्षी जूनमध्ये, जर्मन सैनिक जवळ येऊन ठेपल्यावर, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. ते पाकीट २००० साली उघडले गेले, तेव्हा इतो यांच्या सूत्राच्या अगदी निकटचे फलित त्यात लिहिलेले आढळले.

युद्धानंतर भौतिकशास्त्राने पुन्हा पुढाकार घेतला. रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ मध्ये पुंजयामिकी नव्याने मांडली, ती कणाच्या सर्व शक्य मार्गांची बेरीज म्हणून. कॉर्नेल विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ऐकताना मार्क काट्स यांच्या लक्षात आले की, काळ काल्पनिक संख्येने मोजला, तर ही बेरीज वीनर यांच्या मापनाने काढलेली सरासरी ठरते आणि तिची काटेकोर सिद्धता देता येते. उष्णतेसारख्या समीकरणाचे उत्तर म्हणजे यादृच्छिक मार्गांवरची सरासरी, हे फाइनमन-काट्स सूत्र आज ऑप्शनची किंमत काढणाऱ्या संगणकाच्या प्रत्येक नमुना-चाचणीमागे उभे आहे. याच परंपरेत चेन्नईत जन्मलेले आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले एस. आर. श्रीनिवास वरदन येतात. अल्पकाळात उष्णता कशी पसरते, हे अंतराच्या भाषेत सांगणारे त्यांचे १९६७ चे सूत्र निखळ गणितातले आहे. पुढे ते मुदत संपत आलेल्या ऑप्शनच्या अभ्यासात उपयोगी पडले. वरदन यांना २००७ साली आबेल पारितोषिक मिळाले.

बाशेलिए यांचा प्रबंध अर्थतज्ज्ञांपर्यंत पोहोचला, तो १९५० च्या दशकात, पॉल सॅम्युएल्सन यांच्यामार्फत. बाशेलिए यांच्या प्रतिमानात भाव उणे होऊ शकत होता. सॅम्युएल्सन यांनी भावाऐवजी त्याच्या लॉगॅरिदमला ब्राऊनियन मानले आणि तो दोष गेला. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा, तसेच रॉबर्ट मर्टन यांचा निबंध आला. शेअर आणि कर्ज यांची जुळणी क्षणोक्षणी बदलत ठेवून ऑप्शनचा परतावा हुबेहूब घडवता येतो, म्हणून त्या जुळणीचा खर्च हीच ऑप्शनची किंमत, हा त्यातला विचार होता. शेअर पुढे चढेल की उतरेल, याविषयीच्या अंदाजाला त्या सूत्रात जागाच नाही. अस्थिरता तेवढी लागते. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या ब्लॅक यांना आपले समीकरण उष्णतेच्याच समीकरणाचे रूप आहे, हे सुरुवातीला ओळखू आले नव्हते. दोन नियतकालिकांनी हा निबंध आधी नाकारला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने रोख्यांवरच्या ऑप्शनना बंदी होती. ती १९९५ मध्ये उठली आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीवरचे ऑप्शन सुरू झाले. तोवर हे सूत्र जगभर रुळलेले होते.

त्या सूत्राचे गृहीतक मात्र आधीच डळमळीत झाले होते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. अस्थिरता स्थिर असती, तर असे घडण्याची शक्यता नगण्य होती. त्यानंतर एकाच शेअरवरच्या, एकाच मुदतीच्या, पण वेगवेगळ्या स्ट्राइक प्राइसच्या (हक्क वापरताना ज्या ठरलेल्या भावाने व्यवहार होतो, त्या भावाच्या) ऑप्शनवरून काढलेली अस्थिरता वेगवेगळी येऊ लागली. मग अस्थिरतेलाच यादृच्छिक मानणारी प्रतिमाने पुढे आली. स्टीव्हन हेस्टन यांचे १९९३ चे प्रतिमान त्यांत सर्वाधिक वापरले गेले. पण अल्पमुदतीच्या ऑप्शनमध्ये स्ट्राइक प्राइसनुसार अस्थिरतेत दिसणारा तीव्र उतार त्यांतून नीट निघत नव्हता.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जिम गॅदरल, थिबो जेसाँ आणि मातिए रोझेनबॉम यांनी उच्च वारंवारतेची, म्हणजे अगदी थोड्या थोड्या वेळाने नोंदलेल्या भावांची, आकडेवारी तपासून एक निष्कर्ष मांडला: अस्थिरतेची रेषा ब्राऊनियन रेषेपेक्षाही कितीतरी खडबडीत आहे. मँडेलब्रॉट आणि व्हॅन नेस यांनी १९६८ मध्ये अभ्यासलेल्या अपूर्णांकी ब्राऊनियन गतीत हा खडबडीतपणा हर्स्ट घातांकाने मोजतात. ब्राऊनियन रेषेसाठी तो ०.५ असतो, अस्थिरतेसाठी तो ०.१ च्या आसपास आला. वरच्याच उदाहरणात हा घातांक घातला, तर एक दहा हजारांश काळात ही रेषा एक शतांश नव्हे, तर जवळजवळ ०.४ इतकी हलते. विशेष म्हणजे त्याआधी, १९९८ च्या सुमारास, दीर्घ स्मृती (जुन्या हालचालींचा परिणाम दीर्घकाळ टिकणे) दाखवण्यासाठी संशोधकांनी हाच घातांक ०.५ पेक्षा जास्त घेतला होता. म्हणजे नेमक्या उलट दिशेने.

इतकी खडबडीत रेषा आली, की इतो यांच्या कलनशास्त्राच्याही कक्षा अपुऱ्या पडतात. इथे शुद्ध गणित तयार होते. टेरी लायन्स यांनी १९९८ मध्ये खडबडीत मार्गांचा सिद्धांत मांडला होता. दुसरीकडे कार्डर, पारिसी आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये वाढत्या पृष्ठभागांसाठी एक समीकरण दिले होते, ज्यात उताराचा वर्ग येतो. आणि पृष्ठभाग तर असा, की त्याला उतारच नाही. अस्तित्वात नसलेल्या राशीचा वर्ग घ्यायचा कसा, या पेचाला हेअरर यांनी उत्तर दिले: अनंताकडे जाणारा भाग नेमका ओळखून वजा करायचा आणि उरलेल्याला काटेकोर अर्थ द्यायचा. २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. खडबडीत अस्थिरतेच्या प्रतिमानाला गुळगुळीत रेषांनी जवळ करू पाहिले, की तिथेही तसाच अनंताकडे जाणारा भाग येतो, आणि तो हेअरर यांच्याच चौकटीत वजा करता येतो, हे बायर, फ्रिझ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले.

हा खडबडीतपणा येतो कुठून, यावरही काम झाले आहे. एक ऑर्डर दुसऱ्या ऑर्डरला जन्म देते, हे अॅलन हॉक्स यांच्या १९७१ च्या स्वउत्तेजक प्रक्रियांनी मांडता येते. भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठीही त्याच वापरतात. बहुतेक ऑर्डर आधीच्या ऑर्डरची प्रतिक्रिया म्हणून येत असतील, तर दीर्घ काळाच्या मापावर खडबडीत अस्थिरताच निघते, असे रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. उलट बाजूने रामा काँत आणि पूर्बा दास यांनी मूलभूत शंका घेतली आहे. अस्थिरता थेट दिसत नाही, ती भावांवरून अंदाजावी लागते. आणि मूळ अस्थिरता ब्राऊनियनइतकीच खडबडीत असली, तरी अंदाजातल्या त्रुटीमुळे ती अधिक खडबडीत भासू शकते. ही शंका माझ्या मते फार महत्त्वाची आहे, कारण तिचा निकाल लागल्याशिवाय ०.१ हा आकडा बाजाराचा गुणधर्म आहे की आपल्या मोजमापाचा, हे ठरत नाही. सध्याचे बरेच संशोधन म्हणूनच सांख्यिकीकडे वळले आहे: गोंगाटाने झाकलेल्या रेषेचा घातांक निरीक्षणांवरून किती अचूकतेने काढता येतो, आणि त्या अचूकतेला तत्त्वतःच कोणती मर्यादा आहे, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.