उसनी शीतनिद्रा

नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून कासव चौकात येतात आणि तिथून पितळी उंबऱ्याकडे सरकतात. कोल्हापुरात थंडीची चाहूल लागते ती याच सुमारास. ज्या थोड्या घरांत जिवंत कासव आहे, तिथं तेव्हाच एक प्रश्न निघतो: याला आता खोक्यात झोपवायचं का?

हा प्रश्न मुळात आपला नाही. आपल्या ओळखीचं कासव दगडाचं, गाभाऱ्यासमोर अंग आवरून बसलेलं. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या उपमेतलं. संतांची कासवी नुसत्या नजरेनं पिलं पोसते. (खरी कासवी अंडी पुरते आणि चालू लागते, पण दृष्टांत गोड आहे.) हिवाळाभर झोपणारं कासव यात कुठंच नाही.

ते आलं इंग्लंडातून. सेलबर्न गावचा निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्याकडे 1780 मध्ये आत्याचं कासव आलं. नाव टिमथी, पण ती मादी होती, हे ती मेल्यावर कळलं. नोव्हेंबरात ती स्वतःला मातीत गाडून घ्यायची आणि वसंतात वर यायची. व्हाइटनं 1789 च्या आपल्या पुस्तकात हे टिपून ठेवलं. ही जात भूमध्य समुद्राच्या काठची. पुढं विसाव्या शतकात अशी कासवं ब्रिटनमध्ये लाखांनी विकली गेली. 1984 मध्ये युरोपीय समुदायानं त्यांच्या व्यापारावर बंदी आणली. पेंढ्याचं खोकं, आधी काही आठवडे उपास, मग साधारण 5 अंशांवर ठेवलेला फ्रीज, ही सगळी रीत त्या कासवांसाठी बसवलेली. आज ती मोबाइलवर कुणालाही सापडते. फक्त कोणत्या कासवासाठी, ते वाचायचं राहून जातं.

आपल्याकडे घरात सापडतं ते बहुधा पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव. त्याचं मूळ घर गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिण भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका. ते शीतनिद्रा घेत नाही. गारठ्यात मंदावतं, कडक उन्हाळ्यात आडोशाला पडून राहतं आणि पाऊस आला की हिंडू लागतं. कोल्हापूरची थंडी म्हणजे पहाटे 14-15 अंश, दुपारी 28-30. इतक्या उबेत भूमध्य काठचं कासवसुद्धा नीट झोपणार नाही. आपलं तारा कासव तर अधेमधेच अडकतं: पोटात मेथी गेलेली असते, ती पचवायला अंगात ऊब नसते. त्यात रात्री त्याला न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर ठेवलं की नाक गळू लागतं, तोंडाशी बुडबुडे येतात. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, म्हणून छातीत साठलेलं तिथंच राहतं आणि न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, झोपलंय. त्याला हवी असते ती कोरडी, उबदार रात्र आणि दुपारचं उघडं ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हाडांच्या आणि पाठीच्या उपयोगाचं नाही; काच नेमके हवे ते किरण अडवते.

काचेच्या टाकीतल्या, डोळ्यामागं लाल पट्टा असलेल्या कासवाची कथा वेगळी. ते अमेरिकेचं. 1975 मध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या भीतीनं तिथं चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली आणि तिथल्या शेतांवर वाढवलेली पिलं परदेशी बाजारात जात राहिली. कुणी 'बरकत' म्हणून घेतो, कुणी पोराच्या हट्टापायी. बरकतीचा आणखी एक प्रकार म्हणजे पैशाचा पाऊस पाडणारं 'वीस नखी' कासव. आपल्या तळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीनच नखं असतात. हिशेब ज्यानं त्यानं करावा.

कायदा मात्र टप्प्याटप्प्यानं घट्ट होत गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तारा कासव कमी संरक्षणाच्या चौथ्या अनुसूचीत होतं. 2019 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेलं: तीन ते सात वर्षं कैद, वर किमान 25 हजारांचा दंड. आफ्रिकेच्या सुलकाटासारख्या परदेशी कासवांसाठी 2024 च्या नियमांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. सुलकाटाही शीतनिद्रा घेत नाही, आणि मोठेपणी सहज 40 किलोंच्या पुढं जातं. दुकानातलं पिलू तळहातावर मावतं, म्हणून कुणाला ते खरं वाटत नाही.

कायद्याची धास्ती बसली की माणसं पिशवी घेऊन पंचगंगेच्या घाटावर जातात, पुण्य समजून. पण तारा कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. पाण्यात टाकलं तर ते बुडतं. आणि लाल पट्ट्याचं रंकाळ्यात सोडलं, तर ते छान जगतं आणि तिथल्या कासवांचं खाणं नि उन्हात बसायची जागा बळकावतं. तारा कासव वन विभागाच्या ताब्यात द्यायचं असतं. तोवरच्या रात्री मात्र थंडीच्याच असतात, तेव्हा कोरडं गोणपाट आणि घरातला उबेचा कोपरा त्याला तेवढे दिवस लागतोच.