इंजेक्टर उंबरठ्याच्या आत की बाहेर?

"गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच ना?" सेकंडहँड गाडी बघायला कुणाबरोबर गेलो की हा प्रश्न ठरलेला. कार्ब्युरेटर गेल्यापासून पेट्रोलवर चालणारी प्रत्येक नवी कार इंजेक्शनचीच असते. डायरेक्ट त्यातल्या काहीच. त्यात नावं आणखी घोळ घालतात. मारुतीच्या 'ड्युअलजेट'मध्ये दर सिलिंडरमागे दोन इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) असतात, पण दोन्ही बाहेर, इनटेक पोर्टात, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत. त्याच मारुतीचं 'बूस्टरजेट' मात्र डायरेक्ट, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. चाकणच्या कारखान्यातून आलेल्या फोक्सवॅगन पोलोचं 'एमपीआय' पोर्टवालं आणि 'टीएसआय' डायरेक्ट. टीएसआयची ओढ जास्त, पण ती मुख्यतः टर्बोची, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची. श्रेय उगाच इंजेक्टरला मिळतं.

सिलिंडर हे घर आणि हवा आत सोडणारा इनटेक व्हॉल्व्ह हा त्याचा उंबरठा धरा. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल उंबरठ्याबाहेर, साधारण तीन-चार बार (एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाबाने फवारलं जातं आणि हवेचा हात धरून आत येतं. डायरेक्टमध्ये हवा एकटी आत येते आणि पेट्रोल थेट घरात, शे-दोनशे ते साडेतीनशे बारने.

दाबात एवढी तफावत का, ते वेळेच्या हिशेबात दिसतं. ६,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे चार स्ट्रोकचं चक्र २० मिलिसेकंदांचं. पोर्टवाल्या इंजेक्टरला हे २० च्या २० मिळू शकतात. व्हॉल्व्ह बंद असला तरी त्याच्या गरम पाठीवर पेट्रोल मारून ठेवता येतं, तिथे त्याची वाफ होत राहते. डायरेक्टवाल्याच्या हाती पिस्टन हवा ओढत असतानाचे पाचेक मिलिसेकंद, फार तर कॉम्प्रेशनचा, म्हणजे हवा दाबली जातानाचा, थोडा भाग. तेवढ्यात पेट्रोल आतही जायला हवं, त्याची वाफही व्हायला हवी आणि ते हवेत मिसळायलाही हवं. म्हणून थेंब बारीक हवेत, म्हणून दाब.

मग हा खटाटोप कशासाठी? गारव्यासाठी. वाफ होताना पेट्रोल उष्णता ओढून घेतं. पोर्टात ती बरीचशी धातूच्या भिंतीतून येते. सिलिंडरच्या आत ती कोंडलेल्या हवेतूनच येते. हवा थंड झाली की इंजिन ठोके मारत नाही (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटत नाही) आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबायची ते प्रमाण, वाढवता येतो. टर्बो इंजिनात तर हे सोन्याहून पिवळं.

पण डायरेक्ट म्हणजे रेसिंगचं आणि पोर्ट म्हणजे घरगुती, असं समजू नका. २००६ ते २०१३ ची फॉर्म्युला वनची २.४ लिटर व्ही-८ इंजिनं पोर्टवालीच होती; नियमच तसा होता. इंजेक्टर इनटेकच्या कर्ण्यांच्या तोंडावर, शॉवरसारखा टांगलेला. व्हॉल्व्हपासून लांब असल्याने पेट्रोल वाटेतच हवेला थंड करत यायचं आणि दाट हवा जास्त भरायची. १८,००० आरपीएमला हवा ओढायचा स्ट्रोक जेमतेम १.७ मिलिसेकंदांचा; तिथे हा लांबचा रस्ता सोयीचाच. २०१४ मध्ये १.६ लिटर टर्बो व्ही-६ आलं, पेट्रोलच्या प्रवाहावर ताशी १०० किलोची मर्यादा आली, आणि त्याबरोबर ५०० बारपर्यंतचं डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोल मोजून मिळायला लागल्यावर आतल्या गारव्याची किंमत वाढली.

इनटेकचा आकारही यावरच ठरतो. पोर्टात ओलं पेट्रोल वाहायचं असेल तर भिंतीवर साचणारा थर सांभाळावा लागतो. नुसती हवाच न्यायची असली की पोर्ट हवा सिलिंडरमध्ये कोलांटी घेईल असा वळवता येतो. १९९६ च्या मित्सुबिशी जीडीआयमध्ये (गॅसोलीन डायरेक्ट इंजेक्शन) तर तो जवळजवळ उभाच होता.

डायरेक्ट नवं आहे असंही नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते होतं, बॉशच्या यांत्रिक पंपासह. इग्निशन बंद केलं तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारतच राहायचा. ते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरायचं आणि ऑइल पातळ व्हायचं.

आजचं दुखणं उलटं आहे: धुतलं न जाण्याचं. माझ्या जीडीआय गाडीचा पिकअप मरगळला म्हणून मॅनिफोल्ड (पोर्टांना हवा वाटणारा नळ्यांचा जुडगा) काढलं, तर व्हॉल्व्हच्या पाठीवर कढईच्या बुडासारखी काळी खरपुडी. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, येणारी ऑइलची वाफ तिथे करपते, आणि पेट्रोल तर उंबरठ्याच्या आत पडतं, धुणार कोण? मेकॅनिकने अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोतातून मारून ती काढली. पोर्टवाल्या गाडीत ही वेळ सहसा येत नाही. तिथे पेट्रोलच व्हॉल्व्ह घासत असतं.

टोयोटाने त्यांच्या डी-४एस इंजिनात दोन्ही बसवले: एक इंजेक्टर आत, एक बाहेर. कमी भारावर बाहेरचाही चालतो आणि व्हॉल्व्ह धुतले जातात. जोर लागला की आतल्याची पाळी. इंजेक्टर दुप्पट, पंपही दोन दाबांचे, खर्चही त्या मानाने. तरी माझ्या पैशाने घ्यायची वेळ आली, तर मी हेच मागेन.