नंबरप्लेटवर वेबसाइटचं नाव टाकता येतं का? मुंबईत पसंतीचा नंबर घेण्याची प्रक्रिया आणि कागदपत्रं

घरगुती डबे, केक, शिवणकाम, क्लासेस असा छोटा व्यवसाय करणारे बरेच जण नवी गाडी घेताना एक प्रश्न विचारतात. नंबरप्लेटच अशी घेता येईल का, की लोकांना आपली वेबसाइट लक्षात राहील? ब्रिटनमध्ये हे काही प्रमाणात जमतं. तिथलं वाहन नोंदणी खातं, डीव्हीएलए, नावासारखे वाचता येतील असे नंबर स्वतःच विकतं आणि किंमत 250 पौंडांपासून सुरू होते. आपल्याकडे नाव मिळत नाही. एमएच, त्यापुढे आरटीओचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार आकडे, यातले फक्त शेवटचे चार आपण निवडू शकतो. तेवढेही पुरतात, नीट निवडले तर.

आधी प्लेटबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट बसूनच येते. त्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला कोड असतो आणि अक्षरं उठावाची असतात. कारसाठी अक्षराची उंची 65 मिलिमीटर, जाडी 10 आणि दोन अक्षरांमधलं अंतर 10, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ठरलेलं आहे. त्यामुळे प्लेटवर वेबसाइट, लोगो, दुकानाचं नाव, बारीक अक्षरांतला मोबाइल नंबर, यातलं काहीही लिहू नका. 4141 हा नंबर घ्यायला कुणाची हरकत नाही; तो वाकवून ‘दादा’ दिसेल असा रंगवला की दंड होतो. 8055 चा ‘बॉस’ केला तरी तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. ज्या गाडीवर आपल्या व्यवसायाचं नाव आहे तीच गाडी पोलिसांनी सिग्नलला बाजूला घेतलेली ग्राहकांनी पाहावी, असं कुणाला वाटेल?

मग चार आकडे कसे वापरायचे? माझं मत ठाम आहे: 0001 किंवा 9999 च्या मागे लागू नका. ऑगस्ट 2024 च्या दरवाढीनंतर मुंबईत चारचाकीसाठी 0001 चं मूळ शुल्कच 6 लाख रुपये आहे. छोट्या धंद्याने तो पैसा मालात घालावा. त्याऐवजी व्यवसायाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे घ्या. मोबाइलचा शेवट 3672 असेल तर गाडीही 3672. मग डब्यावरच्या स्टिकरवर, व्हॉट्सअॅपवर, वेबसाइटवर आणि गाडीवर तेच चार आकडे दिसतात आणि लोकांच्या तोंडी बसतात. असा साधा आकडा सहसा कुणी मागत नाही, त्यामुळे लिलावाचा प्रश्नही क्वचितच येतो. वेबसाइट अजून घेतली नसेल तर पत्त्याच्या शेवटीही हेच आकडे जोडता येतात. पण आधी गाडीचा नंबर हातात येऊ द्या, मग पत्ता विकत घ्या.

अर्ज कोण आणि कुठे करू शकतो

ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी होणार आहे त्यानेच अर्ज करायचा. पूर्वी आरटीओ राहत्या पत्त्यावरून ठरायचं, आता राज्यातलं कुठलंही निवडता येतं. मुंबईत ताडदेव म्हणजे एमएच 01, अंधेरी 02, वडाळा 03 आणि बोरिवली 47. बोरिवलीत राहून 01 हवा म्हणून नातेवाइकाचा पत्ता देऊ नका. पुढे विमा, कर्ज, नाव हस्तांतर, सगळीकडे ते अडतं.

परिवहन खात्याचं फॅन्सी नंबरचं पोर्टल आहे, फॅन्सी डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. मोबाइल आणि ई-मेल देऊन तिथे खातं उघडा, महाराष्ट्र आणि आपलं आरटीओ निवडा, गाडीचा प्रकार निवडा. चालू मालिकेत शिल्लक असलेले नंबर आणि त्यांचं शुल्क समोर दिसतं. ऑनलाइन पैसे भरून पावती घ्यायची.

मालिका नुकतीच उघडत असेल आणि एकाच नंबरासाठी अनेक अर्ज असतील तर लिलाव होतो आणि जास्त रक्कम देणाऱ्याला नंबर मिळतो. हवा तो नंबर चारचाकीच्या मालिकेत नाही, दुचाकीच्या मालिकेत आहे, असं झालं तर तो तिप्पट शुल्क भरून मागता येतो. साध्या नंबरासाठी हा खर्च करू नये. पुढच्या मालिकेची वाट पाहावी.

कागदपत्रं फार नाहीत. आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. मात्र नाव सगळीकडे एकसारखं हवं: आधारवर, पावतीवर आणि शोरूमच्या बिलावर. आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा, ओटीपी त्यावर येतो.

एकल मालकीचा व्यवसाय असेल तर गाडी स्वतःच्या नावावर घेणंच सोपं. भागीदारी किंवा कंपनी असेल तर तिचं पॅन, जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र तयार ठेवा. पण त्याआधी कराचा हिशेब करा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या खासगी कारला मोटार वाहन कर 20 टक्के लागतो, व्यक्तीच्या नावावर तो बराच कमी असतो.

शोरूममध्ये पैसे भरतानाच सांगा, ‘नंबर मी घेतोय, तोवर नोंदणीचा अर्ज पुढे पाठवू नका.’ नव्या गाडीची नोंदणी आता डीलरच करतो. त्याने अर्ज आधीच पुढे पाठवला की सिस्टिम आपोआप पुढचा नंबर देते आणि तो बदलता येत नाही. पावतीवरची मुदतही बघा. त्या मुदतीत गाडीची नोंदणी झाली नाही तर नंबर जातो आणि पैसेही परत येत नाहीत. आरटीओच्या फाटकाजवळ ‘साहेबांशी बोलून नंबर देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका, सगळं काम मोबाइलवर होतं.

वेबसाइट मग कुठे लिहायची

गाडीच्या मागच्या पत्र्यावर, प्लेटपासून लांब. काचेवर नको: मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे, आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या फिल्मबद्दल कडक आदेशही दिला होता. गाडीचा रंगच बदलेल असं रॅपिंग करणार असाल तर आरसी बुकात तो रंग नोंदवावा लागतो. टॅक्सी, रिक्षा, टेम्पोवर जाहिरात करायला आरटीओची परवानगी घ्यावी लागते, हे माल पोचवायला टेम्पो वापरणाऱ्यांनी विसरू नये.

वेबसाइटचा पत्ता छोटा ठेवा, मधे आडवी रेघ नको. ग्राहक मराठी असतील तर डॉट भारत हे देवनागरी डोमेनही घेता येतं, ते 2014 पासून मिळतं. पश्चिम द्रुतगती मार्गावर गाड्या रांगत असतात तेव्हा मागचा दुचाकीस्वार दोन-तीन सेकंदच बघतो. तेवढ्यात वाचून होईल इतकाच मजकूर आणि इतकं मोठं अक्षर ठेवा. रेडियमवाल्याला आधी कागदावर छापून द्यायला सांगा, तो कागद गाडीला चिकटवा, दहा-बारा पावलं मागे जाऊन वाचा आणि मगच पक्कं कापायला सांगा.