बोटाखालची बाराखडी

मोबाइल कुणाला शिकवावा लागत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. दादर किंवा ठाण्याला तिकिटाच्या एटीव्हीएमसमोर पाच मिनिटं उभं राहिलं, तर हे विधान टिकत नाही. कुणी बोटाच्या पेराने दाबतं, कुणी नखाने, कुणी स्मार्ट कार्डाच्या कोपऱ्याने. पडदा लगेच बदलला नाही की तेच बटण पुन्हा, आणखी जोरात. मग एका तिकिटाची दोन होतात आणि मागून गाडीची घोषणा ऐकू येते. रेल्वेने या यंत्रांवर मदतनीस नेमले आहेत, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारीही असतात. रांगेतली कितीतरी माणसं यंत्राला हात न लावता सरळ त्यांना पैसे देतात आणि ‘एक कल्याण रिटर्न’ म्हणतात. पडद्याला बोट लावणं कुणालाही जमतं. लावलेल्या बोटाचा अर्थ यंत्राने बरोबर कसा घ्यायचा, यावर मात्र साठ वर्षं काम चालू आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा पवईत घडला आहे.

सुरुवातीला संगणकाशी बोटाचा संबंधच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. कागदी पट्टीला भोकं पाडून त्याला माहिती द्यायची. आलेख आणि अक्षरं दाखवणारा कॅथोड रे ट्यूबचा पडदाही त्याला होता, पण तो फक्त बघण्यापुरता. पडद्यावरच्या गोष्टीकडे थेट हात नेण्याची कल्पना १९६३ साली इव्हान सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये दिसली. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या त्या संगणकावर प्रकाश ओळखणारं पेन टेकवून रेघा काढता येत. मात्र हातात पेन होतंच.

पेन बाजूला ठेवलं ते ई. ए. जॉन्सन यांनी. ते इंग्लंडमध्ये माल्वर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करत. १९६५ साली त्यांनी स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर एक छोटा लेख लिहिला, पुढे १९६७ साली तो विचार विस्ताराने मांडला. त्यांच्यासमोर होता हवाई वाहतूक नियंत्रक. विमानं वाढत होती आणि प्रत्येक कामाला वेगळी कळ द्यायची, तर कळफलक टेबलात मावला नसता. जॉन्सन यांचा उपाय असा होता की कळा पडद्यावरच दाखवायच्या आणि त्या त्या क्षणी ज्यांची गरज आहे तेवढ्याच दाखवायच्या. एक दाबली की तिच्या जागी पुढच्या पायरीच्या कळा येतात. या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच कल्पना, काचेच्या करामतीपेक्षाही. बोटाखालची कळ बदलू शकते, हे इथे पहिल्यांदा कुणीतरी गांभीर्याने घेतलं.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हीच अडचण आणखी मोठ्या आकारात उभी राहिली. तिथला एसपीएस हा कणांना वेग देणारा प्रचंड त्वरक १९७६ साली सुरू झाला. जुन्या पद्धतीने त्याचा नियंत्रण कक्ष बांधला असता, तर हजारो बटणं आणि खुंट्या बसवाव्या लागल्या असत्या. फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी त्याऐवजी सोळा बटणांचा पारदर्शक स्पर्शपडदा केला. बटणं सोळाच, पण त्यांचे अर्थ संगणक बदलत राहणार.

काचेला बोट कळतं कसं, तेही बघू. आज फोनमध्ये जी पद्धत आहे, तिचं मूळ जॉन्सन आणि सर्नच्याच वाटेवर आहे. काचेखाली पारदर्शक, वीजवाहक अशा अतिशय पातळ पट्ट्यांची आडवी-उभी जाळी असते. जाळीच्या प्रत्येक छेदाजवळ थोडा विद्युतभार साठतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की तिथला भार किंचित बदलतो. यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा सगळे छेद तपासतं आणि बदल कुठे झाला ते शोधतं. म्हणूनच या पडद्यावर कार्डाचा कोपरा चालत नाही आणि जोर लावून काहीच मिळत नाही. पाणीही वीज वाहून नेतं, हे मुंबईकराला जुलैमध्ये कळतं. छत्री खांद्याला अडकवून रिक्षा बोलवायला फोन काढावा, तर काचेवर थेंब पडतात, नकाशा आपोआप सरकतो आणि भलतंच बटण दाबलं जातं. थेंब आणि बोट यांत फरक करणारी गणितं आता फोनमध्ये असतात, पण ओल्या बोटाने ओल्या काचेवर केलेला स्पर्श अजूनही फसतो. मासळी बाजारात क्यूआर कोडची पाटी समोर असूनही आलेल्या पैशांची खातरजमा पडदा पाहून करण्यापेक्षा बोलणाऱ्या पेटीवर होते, यामागे हेही एक कारण आहे. ओला हात घेऊन पडदा उघडणं हा व्याप असतो.

दुसऱ्या दोन पद्धती त्याच काळातल्या. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिकवण्याच्या संगणकावर १९७२ साली पडद्याभोवती अदृश्य अवरक्त किरणांची सोळा बाय सोळा जाळी लावली होती. जे काही किरण अडवेल, तो स्पर्श. सॅम हर्स्ट यांची पद्धत दाबावर चालते. दोन वाहक थर दाबामुळे एकमेकांना टेकतात, म्हणून तिथे नखही चालतं आणि पेनाचं टोपणही. वेगवेगळ्या यंत्रांवर आपण वेगवेगळ्या रीतीने बोट मारतो. ही सवय तिथून आली आहे, त्यात अडाणीपणा नाही.

तंत्र हाती आलं, तरी १९८० च्या दशकात स्पर्शपडद्यांबद्दल तज्ज्ञांचं मत चांगलं नव्हतं. बोट जाड असतं, ते ज्यावर ठेवायचं तेच झाकलं जातं, नेम चुकतो. उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरला की थोड्या वेळात खांदा भरून येतो. एचपीने १९८३ साली स्पर्शपडद्याचा संगणक बाजारात आणला, पण कार्यालयांनी माउसच पसंत केला.

कोंडी फुटली ती मेरीलँड विद्यापीठात, १९८८ साली, आणि तीही एका बारीकशा निर्णयामुळे. तोपर्यंत बोट टेकताक्षणी यंत्र ‘हे निवडलं’ असं समजायचं. पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी तीन रीती ताडून पाहिल्या. त्यांतल्या एका रीतीत बोट टेकवल्यावर लगेच काहीच ठरत नाही. बोटाच्या किंचित वर खूण दिसते, बोट न उचलता ती हवी तिथे सरकवायची आणि उचललं की निवड पक्की. या रीतीत चुका सर्वांत कमी झाल्या. आज फोनवर चुकीच्या बटणावर बोट पडलं, तर आपण ते तसंच घसरवत बाजूला नेतो आणि मग उचलतो. चूक होत नाही. ही सोय काचेत नाही, बोटातही नाही. कुणीतरी माणसांना बसवून, मोजून ती ठरवली आहे.

त्याच वर्षी, त्याच विद्यापीठातून आणखी एक निबंध आला. त्यात निवडीची यादी उभी न ठेवता वर्तुळात मांडली होती. बोट किंवा माउस मध्यभागी, पर्याय चहूबाजूंना. सगळे पर्याय सारख्याच अंतरावर आल्यामुळे निवड जलद होते, आणि दोन-चार दिवसांत दिशा हाताला पाठ होते. या दोन निबंधांकडे पुन्हा येऊ.

एकाहून अधिक बोटांची गोष्टही पुष्कळ जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात निमिश मेहता यांनी १९८२ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी अनेक स्पर्श एकदम ओळखणारं यंत्र केलं. तिथेच बिल बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली बहुस्पर्शी पाटी मांडली. डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन यांना टंकलेखनाने हात दुखण्याचा त्रास होता. त्यातून त्यांनी आणि जॉन इलायस यांनी फिंगरवर्क्स ही कंपनी काढली, ती ॲपलने २००५ साली घेतली. दोन वर्षांनी आयफोन आला. जादू एका रात्रीत झाली असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, पण चिमटीने चित्र लहान-मोठं करणं त्याआधीच प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं घोळवलं जात होतं.

हवेतल्या हातवाऱ्यांचं मात्र इतकं जमलं नाही. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी १९८० साली भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट दाखवून ‘ते तिथे ठेव’ असं तोंडी सांगता येईल अशी व्यवस्था करून दाखवली होती. मुंबईशी नातं असलेलं नाव म्हणजे प्रणव मिस्त्री. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकून ते एमआयटीत गेले आणि २००९ साली त्यांचं ‘सिक्स्थ सेन्स’ गाजलं. गळ्यात छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा, बोटांच्या टोकांना रंगीत टोप्या. भिंत, कागद, तळहात, सगळ्यांचा पडदा होई. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं शरीराच्या हालचाली टिपणारं किनेक्ट आलं. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञांनी २०१० सालीच बजावलं की हातवारे डोळ्यांना दिसत नाहीत. कोणता चालेल हे पडदा सांगत नाही, आणि चुकला तर परतीची वाट नसते. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणातही १९९५ साली ‘बोल्ट’ ही संगणकावर व्यवहार करण्याची प्रणाली येईपर्यंत व्यवहार आरोळ्या आणि हातवाऱ्यांनी होत. बाहेरच्या माणसाला तो गोंगाट वाटे; आतल्यांनी ते इशारे रोज उभं राहून शिकलेले असत. शिवाय सकाळी पावणेनऊच्या विरार लोकलमध्ये कोपर हलवायला जागा नसते. एक हात कडीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर सगळा फोन. या शहरासाठी जो कुणी आराखडा करेल, त्याने त्या अंगठ्यापासून सुरुवात करावी.

तो अंगठा मराठी लिहितो तेव्हा काय होतं, हा प्रश्न परदेशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने सोडवला नसता. मराठी टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या, आणि अक्षरं मात्रा-वेलांट्या-जोडाक्षरांसह शेकड्यांनी. म्हणून अक्षराचे तुकडे केले गेले. अर्धा ‘ग’ वेगळा, काना वेगळा. ‘कि’ हवा तर पहिली वेलांटी आधी मारायची, ‘क’ नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. तोंडात ‘क’ आधी आणि बोटात वेलांटी आधी, हे अंगवळणी पाडायला गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. १९८६ साली इन्स्क्रिप्ट कळफलक आला आणि बोलण्याचा क्रम परत मिळाला. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. पण ती जागा पाठ करावीच लागे.

आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. २००४ सालच्या त्यांच्या ‘कीलेख’ कळफलकात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली होती, शाळेत पाठ केलेल्या क, ख, ग, घ च्या ओळींप्रमाणे. २०१३ च्या सुमारास फोनसाठी ‘स्वरचक्र’ आलं. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू, के अशी बाराखडी वर्तुळात उमलते. बोट न उचलता ‘की’च्या दिशेला न्यायचं आणि उचलायचं. जोडाक्षर हवं तर चक्रातला ‘क्’ निवडायचा. लगेच सगळा कळफलक बदलतो आणि प्रत्येक कळेवर क्त, क्य, क्ष असं तयार जोडाक्षर दिसतं. ‘क्ष’ कसा बनतो हे आठवावं लागत नाही, तो समोर दिसतो. जॉन्सन यांची बदलती कळ, मेरीलँडचं वर्तुळ आणि बोट उचलल्यावर पक्की होणारी निवड, हे सगळं इथे देवनागरीच्या कामी आलं. आणि पाया होता तो दुसरी-तिसरीतल्या मुलालाही येणाऱ्या बाराखडीचा. टंकलेखन यंत्राला जे बांधणीमुळेच शक्य नव्हतं, ते काचेच्या पडद्याला सहज शक्य होतं. फक्त लिपीकडे बघून कुणीतरी ते करायला हवं होतं.

त्यानंतर बोटाने अक्षर गिरवून लिहिण्याची सोय आली, २०१७ साली गूगलवर मराठीत बोलून लिहिणंही आलं. २०१६ च्या सरकारी आदेशाने फोनवर सगळ्या अधिकृत भारतीय भाषा वाचता येणं, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणं बंधनकारक झालं. तरी नवा फोन उघडला की समोर येतो तो रोमन कळफलकच, आणि ‘kuthe aahes’ असंच लिहिलं जातं, कारण मराठीपर्यंत जायला सेटिंगमध्ये शिरावं लागतं. कंपन्यांनी मुंबईत विकल्या जाणाऱ्या फोनवर पहिल्याच पडद्यावर विचारावं: मराठी कळफलक कोणता हवा, इन्स्क्रिप्ट की बाराखडीचा? आणि दोन्हींवर चार शब्द लिहून बघायला द्यावेत.