कियाई घराणी (जावा, इंडोनेशिया)

जावा आणि शेजारच्या मदुरा बेटावर पेसान्त्रेन नावाचे निवासी मदरसे असतात, त्यांच्या प्रमुखाला कियाई म्हणतात, त्याच्या बायकोला न्याई, मुलाला जावात गुस आणि विद्यार्थ्यांना सान्त्री. हे कियाई लोक एकमेकांचे उस्ताद, शागीर्द, जावई, मेहुणे, व्याही असे इतके गुंतलेले असतात की वंशावळ कुठे संपते आणि गुरुपरंपरा कुठे सुरू होते ते कळत नाही. मजहब (इस्लामी कायद्याची शाखा) बहुतेकांचा शाफी, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचा तोच.

पूर्व जावातल्या जोंबांगचं उदाहरण घेतलं की सगळं लक्षात येतं. हाशिम अशारी (१८७१-१९४७) यांचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे पेसान्त्रेनवाले. सिवालन पांजीला शिकायला गेले तर तिथल्या कियाई याकूबनी पोरगा हुशार बघून जावईच करून घेतला, मग मक्का, तिथे जावाच्याच महफूज तर्मसींकडून सहीह बुखारी (इमाम बुखारींचा हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा ग्रंथ) शिकवण्याची इजाजा मिळाली, म्हणजे परवानगी, आणि तिच्यासोबत सनद, म्हणजे उस्तादाचा उस्ताद, त्याचा उस्ताद अशी थेट इमाम बुखारींपर्यंतची साखळी. ही सनद नसेल तर नुसतं पुस्तक वाचून शिकवणाऱ्याला फारशी किंमत नाही. १८९९ मध्ये त्यांनी तेबुइरेंग पेसान्त्रेन काढलं.

आता नाती बघा. वहाब हसबुल्लाह हे हाशिम यांच्या नात्यातले आणि शागीर्दही. बिस्री शान्सुरी जोंबांगचे नव्हतेच, पण मदुरातल्या बांकालानच्या कियाई खलील यांच्याकडे वहाबशी दोस्ती झाली आणि वहाबनी आपली बहीण त्यांना दिली, सासऱ्यांच्या मदतीने बिस्रींनी १९१७ ला देनान्यारला स्वतःचं पेसान्त्रेन उभं केलं आणि १९१९ ला तिथे चक्क मुलींचा वर्ग काढला, त्या काळात हे धाडसच. पुढे बिस्रींची मुलगी सोलिहा हाशिम यांचा मुलगा वाहिद हाशिम याला दिली, त्यांचा मुलगा अब्दुर्रहमान वाहिद, म्हणजे गुस दुर, १९९९ ते २००१ देशाचा राष्ट्राध्यक्ष. १९२६ ला स्थापन झालेल्या नहदतुल उलमा या उलेमांच्या संघटनेचं सर्वोच्च धार्मिक पद हाशिम, वहाब, बिस्री या क्रमाने १९८० पर्यंत याच गोतावळ्यात राहिलं!

पण सगळंच घरातल्या घरात असतं असंही नाही. मक्केत मिनांगकाबाऊ भागातले अहमद खतीब शिकवायचे, त्यांच्याकडे हाशिमही शिकले आणि १९१२ मध्ये योग्याकार्तात मुहम्मदिया ही सुधारणावादी संघटना काढणारे अहमद दहलानही. उस्ताद एक, वाटा पार वेगळ्या.

खरं तर या जाळ्यात मुलापेक्षा जावयाचं वजन जास्त वाटतं. म्हणजे सगळा डोलारा मुलींच्या लग्नांवर उभा, आणि सनदीत मात्र बायकांची नावं क्वचितच दिसतात. मागेलांगच्या साध्या घरातला अब्दुल करीम हा बांकालानच्या त्याच खलील यांच्याकडे अनेक वर्षं शिकला, मग केदिरीतल्या कियाई सालेह यांचा जावई झाला आणि १९१० ला लिरबोयो सुरू केलं, जे आज जावातल्या मोठ्या पेसान्त्रेनपैकी एक आहे. १९५४ ला ते वारले तेव्हा गादी कुणाकडे गेली, तर मरझुकी दहलान आणि महरूस अली या दोन जावयांकडे, आणि त्यांच्यानंतर नातवंडांकडे.